पालकाची सही

नोंदणीच्या टेबलामागच्या मुलीनं वर न बघताच विचारलं, "मुलाचं नाव?"

मी माझं नाव सांगितलं.

"ते नाही, स्वाराचं सांगा."

मी पुन्हा माझंच नाव सांगितलं. तेव्हा तिनं मान वर केली, मला बघितलं, माझ्या मागे उभ्या असलेल्या माझ्या आईला बघितलं आणि काही न बोलता अर्ज पुढे सरकवला. नवशिक्यांच्या गटाचा अर्ज. तळाशी एक रेघ आणि तिच्याखाली छापलेलं: 'पालकाची सही'. "ती सोडून द्या," मुलगी म्हणाली. पण आई तोवर पुढे झाली होती. चष्मा नीट करून, माझ्याच पेनानं, तिनं त्या रेघेवर ठसठशीत सही केली. माझ्या दहावीच्या प्रगतिपुस्तकानंतर बहुधा पहिल्यांदाच.

मी ४७ वर्षांची आहे, आई ७४. ७४ मधून ४७ गेले की २७ उरतात आणि २७ ला ९ नं भाग जातो. हिशेबात असा फरक आला की आधी संशय घ्यायचा तो आकडे उलटे लिहिले गेल्याचा. आमच्या कामात हे अगदी सुरुवातीला शिकवतात. मी ऑडिटर आहे. २४ वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांवर शेरे मारून पोट भरते आहे. त्या दिवशी शेरे माझ्यावर पडणार होते.

रविवारी सकाळी घोडेस्वारी शिकायला लागून तेव्हा १४ महिने झाले होते. का शिकायला लागलीस, असं विचारणाऱ्यांना मी आजवर वेगवेगळी कारणं दिली आहेत आणि त्यातली निम्मी खोटी आहेत, त्यामुळे तो विषय नको. "या वयात हाडं मोडून घेशील" असं म्हणणाऱ्यांसाठी मात्र एकच ठरलेलं उत्तर आहे: हिरोशी होकेत्सु. जपानचा हा स्वार १९६४ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरला, मग २००८ ला बीजिंगमध्ये आणि २०१२ ला लंडनमध्ये. लंडनच्या वेळी तो ७१ वर्षांचा होता. समोरचा गप्प बसतो. मधली कित्येक दशकं होकेत्सु घोड्यावर बसतच होता आणि मी त्याच वर्षांत खुर्चीवर बसले होते, हा फरक मी आपणहून सांगत नाही.

माझी स्पर्धा ड्रेसाजची होती. उड्या नाहीत, शर्यत नाही. २० मीटर रुंद आणि ४० मीटर लांब आखाडा, कडेला इंग्रजी अक्षरांच्या पाट्या, आणि अमुक अक्षरापाशी अमुक चाल किंवा अमुक वळण अशी आधीच छापून दिलेली यादी. तिला टेस्ट म्हणतात. पंच 'सी' पाशी बसतात आणि यादीतल्या प्रत्येक गोष्टीला ० ते १० मध्ये गुण देतात. शेजारी बसलेला लेखनिक त्यांचे शेरे उतरवून घेतो. कडेला उभं राहून बघणाऱ्याला वाटतं, एक माणूस घोड्यावर बसून निवांत फिरतो आहे. तसं वाटलं म्हणजे स्वार चांगला आहे.

या खेळात बायका आणि पुरुष एकाच यादीत असतात. ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये बायकांना पहिल्यांदा उतरू दिलं ते १९५२ साली हेलसिंकीला, आणि त्याच वेळी डेन्मार्कच्या लिस हार्टेलनं रौप्यपदक जिंकलं. पोलिओमुळे तिच्या पायांत गुडघ्याखाली ताकद नव्हती, घोड्यावर चढायला आणि उतरायला मदतीला माणूस लागायचं. आमच्या मॅडम ही गोष्ट दर रविवारी कुणाला ना कुणाला ऐकवतात. "पाय दुखतात" असं आधी कोण बोलतं, त्यावर कुणाला ते ठरतं.

मॅडम २६ वर्षांच्या आहेत. जमिनीवर असले की मला "ताई" म्हणतात, घोड्यावर चढले की मी फक्त अवयव उरते. "हात! टाच! हनुवटी! परत हात!" मराठीत घोड्यावर मांड ठोकतात, आणि मी पहिले तीन महिने अगदी शब्दशः तेच केलं. मांड्या आवळून, गुडघे रुतवून. आवळलं की माणूस घट्ट बसेल असं वाटतं ना? उलट होतं. कपड्यांचा चिमटा गोल नळीवर लावून दाबला तर तो जसा वर सटकतो, तसे आपण खोगिरातून वर सटकतो. मांड ठोकायची नसते, सोडायची असते. हे डोक्याला कळायला पाच मिनिटं लागली, मांड्यांना अजून कळतं आहे.

घोडीचं नाव बिजली. वय १८. कुमेत रंग, मागचे दोन पाय खाली पांढरे, उंची १५ हात. घोड्याच्या मापातला हात ४ इंचांचा असतो आणि माप खांद्यांच्या उंचवट्यापर्यंतच घेतात, मान आणि डोकं धरत नाहीत. म्हणजे बरोबर ५ फूट. बिजली हे नाव तिला तरुणपणी दिलं असावं. आता भारनियमन कायमचं आहे. तबेल्यातले मामा म्हणतात, "तिच्यावर बसून शंभरएक पोरं शिकून गेली. तुम्हाला काय माहीत नाही ते सगळं तिला माहीत आहे." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते मला फार महागात पडलं.

शो ठरला तेव्हा हातात सहा आठवडे होते. घोडामैदान जवळच आहे, असं आपण सहज म्हणतो. माझ्यासाठी ते कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवलं होतं. टेस्ट पाठ करायला मी हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला आणि जमिनीवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. अक्षरांचा क्रम आहे ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. मधोमध न दिसणारा एक्स, त्याला पाटीही नसते. मी त्याचं वाक्य केलं: आई काकू एकदा हसल्या, चिमणी मात्र बसली फांदीवर. आई या वाक्यावर नाराज आहे, कारण तिच्या मते ती पुष्कळदा हसते.

मग त्या चिठ्ठ्यांमधून रोज रात्री पायी दुडकी. ए मधून आत, एक्स वर थांबून सलाम. सी ला उजवीकडे. बी पाशी २० मीटरचं वर्तुळ. के पासून एक्स वरून एम पर्यंत तिरकी रेघ, म्हणजे दिशा बदलली. ई पाशी दुसरं वर्तुळ, आता डावीकडून. ए ला दुडकी सोडून चाल. एफ पासून एच पर्यंत तिरकं जाताना लगाम लांब सोडून घोड्याला मान ताणू द्यायची. सी ला पुन्हा दुडकी. मग ए ला वळून मधल्या रेघेवर, एक्स वर थांबा, सलाम, संपलं. नवशिक्यांच्या गटात कडेला उभं राहून टेस्ट वाचून दाखवणारा माणूस ठेवता येतो. मॅडम म्हणाल्या, "मी वाचते ना." मी म्हटलं, नको. लोकांचे ताळेबंद तोंडपाठ असतात मला, अकरा ओळी काय राहणार नाहीत लक्षात?

हॉलमध्ये एकदाही चुकले नाही.

शोच्या दिवशी पहाटे पाचला मी आणि मामा बिजलीला आंघोळ घालत होतो. पांढऱ्या पायांवर रात्रीत लिदीचे हिरवे डाग पडले होते. घोड्यांना तेवढं बरोबर कळतं. आयाळीच्या वेण्या मी घातल्या. १४ महिन्यांत मला खात्रीनं येऊ लागलेली ती एकच गोष्ट होती. खोगीर चढवल्यावर पोटाखालून जो पट्टा आवळतात त्याला मॅडम गर्थ म्हणतात, मामा तंग म्हणतात, बिजलीला दोन्ही आवडत नाही. पट्टा हातात घेतला की ती पोट फुगवते. आवळून झाला की हळूच सोडते. म्हणून चढण्याआधी एकदा आणि थोडं चालवून पुन्हा एकदा तो तपासायचा, नाहीतर खोगीर बाजूला फिरतं आणि त्याबरोबर आपणही. मी त्या सकाळी तो सात वेळा तपासला. सातव्या वेळी बिजलीनं मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की मी "सॉरी" म्हणाले.

वॉर्म-अपच्या मैदानाबद्दल मला कुणी पुरेसं सांगितलं नव्हतं. आठ-दहा घोडी एकाच वेळी, प्रत्येकाची दिशा वेगळी, वेग वेगळा. समोरून येणाऱ्याच्या डाव्या खांद्याला आपला डावा खांदा, असा नियम. शेपटीला लाल फीत बांधलेलं घोडं लाथ मारतं, त्याच्या मागे जायचं नाही. एवढं पाठ होतं. पण सगळ्या स्वारांची डोकी माझ्या कोपराइतक्या उंचीवर असतील याची तयारी नव्हती. गटात आम्ही नऊजण. मी सोडून सगळे ९ ते १३ वर्षांचे, बहुतेक लहान पोनींवर. एक दहा वर्षांचा मुलगा, ठिपक्याठिपक्यांच्या करड्या पोनीवर, माझ्या शेजारून दुडकत जाताना म्हणाला, "काकू, तुमचं डायगोनल चुकलंय."

चुकलंच होतं. दुडकीत घोड्याचे पाय तिरप्या जोडीनं पडतात: पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा. स्वारानं एका ठोक्याला उठायचं, पुढच्याला बसायचं. आखाड्याच्या बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे जाईल तेव्हा उठायचं. दिशा बदलली की दोन ठोके सलग बसून ताल बदलून घ्यायचा. मी आतल्या खांद्यावर उठत होते. "थँक यू," मी म्हटलं. "इट्स ओके," तो म्हणाला, आणि गेला.

माझा नंबर पुकारला. मॅडमनी बूट फडक्यानं पुसले, म्हणाल्या, "ताई, श्वास घ्या," आणि मी आत गेले.

ए मधून आत शिरताना मधली रेघ वाकडीतिकडी झाली, तरी एक्स च्या आसपास बिजली थांबली. सलाम केला. पंचांनी मान हलवली. तोवर ठीक. सी ला उजवीकडे वळलो आणि मला दिसलं की प्रत्येक अक्षरापाशी फुलांची कुंडी ठेवली आहे. आमच्या सरावाच्या मैदानात कुंड्या नसतात. घोड्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं तेवढं दिसत नाही. म्हणजे बी ची कुंडी बिजलीला माझ्याआधीच दिसली होती आणि तिचं त्याबद्दल मत तयार झालं होतं. वर्तुळ काढताना कुंडीच्या बाजूला आम्ही दीडेक मीटर आत सरकलो. २० मीटरचं वर्तुळ या आखाड्यात समोरासमोरच्या दोन्ही लांब बाजूंना टेकायला हवं. आमचं एकाच बाजूला टेकलं. नकाशात काढलं असतं तर बटाटा दिसला असता.

पण तिरकी रेघ सरळ गेली. एक्स वर मी दोन ठोके बसले, ताल बदलला, बाहेरचा खांदा, बरोबर! त्या मुलाला दिसलं असेल अशी आशा वाटली. ई चं वर्तुळ गोल आलं. खरोखर गोल. मला इतका आनंद झाला की पुढं काय आहे ते डोक्यातून साफ पुसलं गेलं.

आम्ही ए कडे येत होतो. आई काकू एकदा हसल्या, पण करायचं काय? बिजलीचा कान हलला आणि ती अगदी ठामपणे, कसलाही संशय न ठेवता, ए ला मधल्या रेघेवर वळली. मामांचं वाक्य आठवलं. तुम्हाला माहीत नाही ते सगळं तिला माहीत आहे. मी हात सैल सोडले. एक्स, थांबा, सलाम, घरी. इतक्या टेस्ट संपवलेली घोडी आहे, तिला नाही कळणार तर कुणाला?

घंटा वाजली.

समोरचा माणूस ठामपणे बोलतो आहे, म्हणजे कागद बरोबर असणारच, असं धरून चालणाऱ्या पोरांना मी ऑफिसात २४ वर्षं झापत आले आहे. पावती कुठे आहे? व्हाउचर दाखव. आणि इथे मी एका घोडीच्या आत्मविश्वासावर डोळे मिटून सही केली होती.

पंच खुर्चीतून थोड्या उठल्या आणि म्हणाल्या, "ए पासून परत. इथे चाल आहे." आवाजात अजिबात राग नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. पहिल्या चुकीचे २ गुण वजा. आम्ही वळून पुन्हा ए ला आलो, चालीत आलो, आणि एफ पासून मी लगाम लांब सोडला. बिजलीनं मान खाली, अगदी जमिनीकडे नेली, फुरफुर केलं आणि लांब लांब पावलं टाकत निघाली. चालीत चार ठोके असतात, चारही पाय वेगवेगळे पडतात. ते चार मला खोगिरातून एक-एक मोजता आले. लाज निघून गेली असं नाही. पण त्या तिरक्या रेघेवरचा तेवढा वेळ मी कुणी बघतं आहे हे विसरले. पुढचं सगळं ठीकठाक झालं. शेवटच्या थांब्याला तिनं एक मागचा पाय आरामात टेकवला, बसस्टॉपवर उभं राहावं तसा.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "मधे एकदा तू जास्तीचं फिरलीस ना? छान दिसलं." मी तिला घंटेचं सांगितलं नाही.

निकाल फळ्यावर लागला. मी सहावी. १६० पैकी ९४, ५८.७५ टक्के. पहिली आली नऊ वर्षांची मुलगी, ६८.१३ टक्क्यांवर, तिला मी बघितलं होतं आणि तिच्याबद्दल वाद नाही. पण सहाव्या नंबरापर्यंत फीत होती! हिरवी, मधे गोल फूल असलेली. आईनं लगेच विचारलं की ती कुठे लावायची, हॉलमध्ये की फ्रीजवर.

मग गुणपत्रिका हातात आली. बी च्या वर्तुळाला ४.५, शेरा: 'आकार'. एवढंच. ई च्या वर्तुळाला ६.५. लांब लगामाच्या चालीला ७, आणि शेरा: 'घोडी मोकळी, सुरेख'. माझं नाव नाही त्यात, पण मी तो शेरा माझ्या खात्यात जमा केला आहे. सर्वांत खाली: 'स्वार श्वास रोखून धरतो. संयमी घोडी.' दुसरं वाक्य वाचून मामा पोट धरून हसले.

आणि मग हातानं आपोआप बेरीज सुरू केली. सवय आहे, बिलाचीसुद्धा करते. वरून खाली ९४. खालून वर ९४. चुकीच्या रकान्यात स्पष्ट अक्षरात २ लिहिलेले होते. आणि शेवटचा आकडा ९४. फरक २, नवानं भाग जात नाही. आकडे उलटे पडलेले नाहीत, वजाबाकीच राहून गेली आहे.

९२ म्हणजे ५७.५ टक्के. फळ्यावर सातव्या नंबरावर तो करड्या पोनीवाला मुलगा होता, ५८.१३ टक्के, म्हणजे त्याचे ९३.

यात थोरपणा शोधू नका. मी ती पत्रिका घडी घालून खिशात ठेवली. बिजलीच्या वेण्या सोडल्या. तिला पाणी दाखवलं. "कुणाला कळणारे?" असं आई म्हणाली, कारण मी तिला सांगितलं होतं, आणि तिला सांगितलं कारण तिनं हेच म्हणावं असं मला वाटत होतं. टेबल आवरलं गेलं असेल अशी आशा धरत, शक्य तितक्या सावकाश चालत, मी तिथं गेले. आवरलेलं नव्हतं. सकाळचीच मुलगी होती.

"गुणांत चूक आहे," मी म्हटलं.

तिनं दिवसभराच्या थकव्यानं श्वास सोडला. "किती वाढायला हवेत?"

"दोन कमी."

तिनं पुन्हा सकाळसारखंच बघितलं. पत्रिका घेऊन आत गेली, बाहेर आली, फळ्यावरचा आकडा बोटानं पुसला आणि नवा लिहिला. मी सातवी. ती फीत मला हवी होती. अजूनही हवी आहे. ऑफिसात कुणी असं वागल्याचं कळलं की मी "बरोबर केलंस" म्हणते आणि पुढच्या फाइलकडे वळते. हे म्हणताना मला वाटायचं त्यापेक्षा ते पुष्कळच कमी आहे.

निघताना तो मुलगा गाडीपाशी उभा होता. आपण सातव्याचे सहावे का झालो याचा त्याला पत्ता नव्हता आणि फारशी चौकशीही नव्हती. फीत त्यानं पोनीच्या लगामाला अडकवली होती आणि पोनीनं मान वाकवून तिचं एक टोक तोंडात ओढून घेतलं होतं. हिरवा रंग ओठांना लागला होता, फुलाचा निम्मा भाग गायब होता.

आईनं ते बघितलं, माझ्या दंडाला धरून मला पुढे चालवलं आणि म्हणाली, "बिजलीनं तर अख्खी खाल्ली असती."